तळहाताएवढं अंतराळयान: लेगोच्या ठोकळ्यांतून छोटं मॉडेल कसं रचायचं

विज्ञानकथांमधली यानं लेगोत बांधायची म्हटलं की नवख्या माणसाच्या डोळ्यासमोर हजारो तुकड्यांचे अवाढव्य संच येतात. लेगोने २०१७ साली काढलेल्या मिलेनियम फाल्कनच्या मोठ्या संचात ७,५४१ तुकडे आहेत. हौशी मंडळींमध्ये तर शंभर स्टड लांबीची, म्हणजे ८० सेंटिमीटरची यानं बांधणारा एक वेगळाच पंथ आहे. आपण उलट्या टोकाने सुरुवात करू: चाळीस-पन्नास तुकडे, दहा-अकरा सेंटिमीटर लांबी. हे तुलनेने स्वस्त पडतं, पण सोपं असतं असं समजू नका. मोठ्या मॉडेलमध्ये एखादा तुकडा अर्धा सेंटिमीटर चुकला तर कुणाला कळतही नाही. छोट्यात तेवढ्याने यानाचा चेहराच बदलतो.

हाताशी एक खरं उदाहरण हवं, म्हणून १९६६ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’मधलं ‘एंटरप्राइझ’ घेते. मॅट जेफरीजने आखलेलं हे यान ओळखायला सोपं आहे: पुढे मोठी चपटी बशी, तिच्यामागे खालच्या अंगाला सिगारसारखं धड, आणि वर मागे दोन लांब नळ्यांची इंजिनं. शिवाय त्याची मापं ठरलेली आहेत, त्यामुळे हिशेब मांडता येतो.

आधी ठोकळ्याचं गणित

लेगोच्या ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत अंतर ८ मिलिमीटर. साधा ठोकळा स्टड सोडून ९.६ मिलिमीटर उंच, आणि पातळ प्लेट त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. या तीन आकड्यांवर सगळा खेळ चालतो. नीट पाहिलंत तर १×१ (म्हणजे लांबी-रुंदीला एकेक स्टडचा) ठोकळा घनाकार नाही, उभट आहे. म्हणून तो आडवा केला की शेजारच्यांशी उंची जुळत नाही. जुळवायची युक्ती अशी की पाच प्लेटींची थप्पी १६ मिलिमीटर होते आणि दोन स्टडची रुंदीही १६ मिलिमीटरच. आडव्या-उभ्या जोडणीत ‘पाच प्लेटी बरोबर दोन स्टड’ हे पाठ असू द्या.

आणखी दोन मापं उपयोगी पडतात. स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर, आणि छोट्या बाहुल्यांच्या हातात बसणारी कांडी सुमारे ३.२ मिलिमीटर जाड. पोकळ स्टडमध्ये ही कांडी घट्ट बसते.

प्रमाण कसं ठरवायचं

बहुतेक जण इथेच घसरतात. कुणी गोल आकडा धरून बसतो, ‘एकास दोन हजार’ वगैरे, आणि मग त्या मापाचे तुकडे शोधत फिरतो. लेगोत तुकडे ठरावीक मापांचेच मिळतात, त्यामुळे हा शोध बहुधा फसतो. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळ्यांत मोठा, नजरेत भरणारा भाग आधी बांधून टाकणे. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मोठा भाग कुठल्याही मापात बांधता येतो. अडवतो तो बारीक भाग. यानाचा सगळ्यांत बारीक पण ओळखीला आवश्यक असा भाग कोणता ते शोधा, त्याच्यासाठी लेगोचा तुकडा ठरवा, आणि प्रमाण त्या तुकड्यावरून काढा.

एंटरप्राइझवर हे लावून बघू. यानाची लांबी २८९ मीटर, बशीचा व्यास १२७ मीटर. इंजिनाची नळी सुमारे १५३ मीटर लांब आणि जेमतेम १८ मीटर जाड. धड साधारण १०४ मीटर लांब, ३४ मीटर जाड. बारीक भाग म्हणजे अर्थातच इंजिनं.

बशीसाठी लेगोच्या गोल प्लेटी ४×४, ६×६ आणि ८×८ अशा मिळतात. ४×४ घेतली तर बशी ३२ मिलिमीटरची आणि प्रमाण साधारण १:३९७०. या प्रमाणात इंजिनाची जाडी येते ४.५ मिलिमीटर. तेवढ्या जाडीचं लेगोत सोयीचं काहीच नाही: कांडी फार बारीक, १×१ गोल ठोकळा फार जाड. बशी कितीही सुबक झाली तरी यान तिथेच फसलं.

६×६ घेतली की बशी ४८ मिलिमीटरची होते आणि प्रमाण सुमारे १:२६५०. आता इंजिनाची जाडी निघते ७ मिलिमीटरच्या जरा आत, आणि १×१ गोल ठोकळा आहे ८ मिलिमीटरचा. चालेल. लांबी हवी ५८ मिलिमीटर, आणि सहा गोल ठोकळ्यांची माळ भरते ५७.६. धडासाठी हवेत ३९ मिलिमीटर, आणि २×२ गोल ठोकळे चार लावले की ३८.४. असं जुळलं की कागद बाजूला ठेवून ठोकळ्यांचा डबा उघडायला हरकत नाही.

एकच कुरकुर राहते. धडाची जाडी यायला हवी १३ मिलिमीटर आणि २×२ गोल ठोकळा आहे १६ चा, म्हणजे यानाचं पोट थोडं सुटलेलं दिसणार. ८×८ बशी घेतली तर (प्रमाण साधारण १:१९८५) धड १७ मिलिमीटरचं निघतं आणि १६ चा ठोकळा जवळपास बरोबर बसतो. इंजिनंही फार चुकत नाहीत. मग तेच का नको? कारण लांबी साडेचौदा सेंटिमीटर होते, बशी जड होते आणि तो सगळा भार एका अरुंद मानेवर येतो. पहिल्या मॉडेलला मी सुटलेलं पोट पत्करेन. मान मोडलेलं यान कुणाला दाखवता येत नाही.

काय सोडून द्यायचं

१:२६५० प्रमाणात एक मीटरची खिडकी ०.४ मिलिमीटरची होते. एका प्लेटची जाडी म्हणजे खऱ्या यानाचे साडेआठ मीटर, दोन-तीन मजले. म्हणजे खिडक्या, दारं, अँटेना, अंगावरची अक्षरं यांतलं काहीही दाखवता येणार नाही, आणि दाखवायला जाऊही नका. छोट्या मॉडेलवर तपशील लादले की ते फोड आल्यासारखे दिसतात.

मी एक सोपी परीक्षा घेते. यानाचं चित्र काळ्या सावलीसारखं कल्पून बघायचं. त्या सावलीत जे उरतं ते ठेवायचं: बशी, मान, धड, दोन नळ्या, त्यांना धरणारे खांब. सावलीत न दिसणाऱ्या गोष्टींपैकी रंगामुळे ओळख पटवणाऱ्या दोन घ्यायच्या. एंटरप्राइझच्या बाबतीत त्या म्हणजे इंजिनांची लालसर टोकं आणि धडाच्या तोंडाशी असलेली तांबूस तबकडी. बाकी सगळं पाहणाऱ्याचं मन भरून काढतं.

पाचरीच्या आकाराची मोठी युद्धनौका करायची असेल तर हीच परीक्षा वेगळं उत्तर देते. तिथे वरच्या आणि खालच्या कवचांमधली, कडेने धावणारी खाच महत्त्वाची. दोन तिरप्या प्लेटींच्या थरांमध्ये एका प्लेटीएवढी आत सरकलेली फट ठेवली की तिथे सावलीची रेघ पडते, आणि त्या एका रेघेने नौका दीड किलोमीटर लांब वाटू लागते.

आता बांधणी

यानाचं बाजूने दिसणारं चित्र बरोबर १०९ मिलिमीटर लांबीचं छापून घ्या. आपल्या प्रमाणात यान एवढंच होणार आहे. प्रत्येक भाग त्या चित्रावर ठेवून बघायचा; मोजपट्टीपेक्षा हे लवकर होतं.

धडापासून सुरुवात. २×२ गोल ठोकळ्यांची थप्पी आडवी करायची, स्टड पुढच्या दिशेला. तोंडाशी २×२ ची छोटी तबकडी लावा. तिची फुगीर बाजू स्टडवर बसते आणि खोलगट बाजू पुढे येते, म्हणजे जशी हवी तशीच. पण निव्वळ गोल ठोकळ्यांच्या धडाला वर काही जोडता येत नाही, कारण सगळे स्टड पुढे बघतायत. म्हणून चारपैकी पुढून दुसरा ठोकळा काढून त्याजागी १×२ चे, एका बाजूवर दोन स्टड असलेले दोन ठोकळे पाठीला पाठ लावून बसवा. एकाचे स्टड वर येतील, दुसऱ्याचे खाली. शेवटच्या, चौथ्या ठोकळ्याच्या जागीही असंच करा. स्टड वर न ठेवता हव्या त्या दिशेला वळवण्याच्या या पद्धतीला लेगोवाले स्नॉट म्हणतात. छोट्या मॉडेलची निम्मी कारागिरी तीच आहे.

मान. पुढच्या जोडीचे वरचे दोन स्टड शेजारीशेजारी आहेत आणि मान तर मधोमध हवी. इथे जंपर प्लेट लागते: १×२ ची, पण वर मधोमध एकच स्टड असलेली. ती अर्ध्या स्टडने, म्हणजे ४ मिलिमीटरने जागा सरकवते. तिच्यावर १×२ ची प्लेट यानाच्या लांबीच्या दिशेने लावा, तिच्यावर आणखी एक, एक स्टड पुढे सरकवून. मान पुढे झुकलेली दिसते, मूळ यानासारखीच.

लगेच प्रश्न येईल की जंपरमुळे मान मधल्या रेषेवर आली, पण ६×६ प्लेटच्या मधल्या रेषेवर तर स्टडची जागाच नाही. मग बशी कशी बसणार? प्लेट उलटी करून बघा. खालच्या बाजूला ज्या गोल नळ्या असतात त्यांच्या आतही स्टड बसतो. मधल्या रेषेवर नेमक्या त्या नळ्या येतात. मानेचे दोन स्टड त्यांत दाबा, बशी सरळ आणि मधोमध बसेल. ही खुबी कळली नाही तर बशी ४ मिलिमीटर डावीकडे किंवा उजवीकडे राहते, आणि समोरून बघणाऱ्याला काहीतरी वाकडं आहे एवढंच जाणवत राहतं.

बशीवर ४×४ गोल प्लेट, तिच्यावर एकच मधला स्टड असलेली २×२ गोल प्लेट, सगळ्यांत वर १×१ गोल प्लेट. उतरत्या पायऱ्यांचा हा ढिगारा दोन हात अंतरावरून घुमटासारखा दिसतो. उघडे स्टड गुळगुळीत टाइलने झाकायचे की ठेवायचे यावर लोक तावातावाने भांडतात. कडेचे ठेवावेत असं माझं मत. हे ठोकळ्यांचं यान आहे, ते लपवायचं कशाला?

इंजिनं सगळ्यांत अवघड. मूळ यानात खांब धडातून तिरपे, इंग्रजी व्हीसारखे वर जातात. तिरप्यासाठी बिजागरी किंवा क्लिपा लागतात आणि या आकारात त्या ढिल्या पडतात. पहिल्या वेळी सरळ उभे खांब करा. धडाच्या मागच्या जोडीवर १×४ प्लेट आडवी लावा, तिच्या दोन्ही टोकांना १×१ चे गोल ठोकळे हव्या त्या उंचीपर्यंत चढवा. दोन्ही नळ्या बशीच्या रुंदीच्या आतच राहतील.

नळी म्हणजे सहा गोल ठोकळ्यांची आडवी माळ, स्टड पुढे. टोकाच्या स्टडवर पारदर्शक लाल किंवा नारिंगी १×१ गोल प्लेट. माळ खांबावर बसवायची तर सहांपैकी एक ठोकळा बदलून तिथे हेडलाइट ठोकळा घाला. हा १×१ चा ठोकळा एका बाजूला स्टड आणि त्याच्या पाठीला चौकोनी भोक असलेला असतो. त्या भोकात खांबाचा स्टड घट्ट बसतो. वर आलेल्या स्टडवर १×१ टाइल टाकली की झालं. माळेतला कितवा ठोकळा बदलायचा हे छापलेल्या चित्रावरून ठरवा. बशीची मागची कडा संपते तिथून दोन-तीन मिलिमीटर मागे नळ्यांची तोंडं यायला हवीत. नवखे लोक त्या हमखास पुढे ओढतात आणि यान आखूड होऊन बसतं.

जाता जाता: चित्रीकरणासाठी वापरलेलं या यानाचं जवळपास साडेतीन मीटरचं मॉडेल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे. त्याची डावी बाजू अर्धवटच होती, कारण दिव्यांच्या तारा तिथून बाहेर काढल्या होत्या आणि कॅमेरा बहुतेक उजवीकडूनच लावला जाई. तुमचं यान मात्र प्रत्येक जण हातात घेऊन उलटंपालटं करणार आहे, तेव्हा पोटाकडची बाजूही नीट करा.

रंग

एक मुख्य रंग, एक दुय्यम, आणि उठावासाठी ठिपक्याएवढा तिसरा. याहून जास्त रंग एवढ्याशा यानाला झेपत नाहीत. करडा रंग निवडाल तर जुन्या डब्यांपासून सावध. लेगोने २००४ च्या सुमारास आपल्या दोन्ही करड्या छटा बदलून निळसर केल्या. आधीचे पिवळट करडे आणि आताचे निळसर करडे शेजारी आले की यान डागाळलेलं दिसतं. पांढरे ठोकळे उन्हात पिवळे पडतात, त्यामुळे पांढरं यान खिडकीत ठेवू नका. काळा रंग छायाचित्रात सगळ्या कडा गिळून टाकतो. पहिल्या यानाला तो टाळलेला बरा.

संगणकावर की हातात?

ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराचं ‘स्टुडिओ’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. हवा तो तुकडा हव्या तितक्या संख्येने वापरता येतो आणि शेवटी तुकड्यांची यादी आयती मिळते. एखादा तुकडा त्या रंगात निघालाच नसेल तर तेही ते सांगतं. ही सूचना दुर्लक्षित करू नका, नाहीतर अस्तित्वातच नसलेल्या तुकड्यावर सगळी रचना उभी राहते. पण पडद्यावर वजन नसतं. एका स्टडवर लटकणारी बशी तिथे खुशाल तरंगत राहते. मी तरी मान आणि खांब हे दोन सांधे आधी हातात बांधून बघते, तिथे तुकडे दुसऱ्या रंगाचे असले तरी चालतात, आणि मग संगणकाकडे वळते.

शोधताना तुकड्याचा क्रमांक कामाला येतो. बहुतेक तुकड्यांच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत तो कोरलेला असतो. या यानासाठीचे काही देऊन ठेवते: १×१ गोल ठोकळा ३०६२, २×२ गोल ठोकळा ३९४१, हेडलाइट ठोकळा ४०७०, बाजूवर दोन स्टडचा १×२ ठोकळा ११२११, जंपर प्लेट १५५७३ (जुन्या साच्याची ३७९४). पुढे दुसरी यानं करताना दोन तुकडे सारखे लागतील: एका बाजूवर स्टड असलेला १×१ ठोकळा ८७०८७ आणि लहानसा उतार ५४२००, ज्याला सगळे ‘चीज’ म्हणतात.

तुकडे कुठून आणायचे

भारतात राहणाऱ्यांसाठी हे कटकटीचं प्रकरण आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्हही सक्तीचं आहे. परदेशी विक्रेत्याकडून मूठभर सुटे तुकडे मागवले तर टपालखर्च आणि शुल्क मिळून ते तुकड्यांच्या किमतीला सहज ओलांडून जातात. त्यामुळे उलटा विचार करा: घरात असलेले संच फोडा, तुकडे प्रकाराप्रमाणे वेगळे करा (रंगाप्रमाणे नको, लाल ढिगात लाल तुकडा शोधणं फार त्रासाचं), आणि त्यांतून कोणतं यान निघतं ते बघा. मित्रमंडळींत अदलाबदल करा. परदेशातून कुणी येणार असेल तर त्याच्याकडे वर दिल्यासारखी क्रमांकांची यादी धाडा. अशा पुडीला सामानात जागा फारशी लागत नाही. इतर कंपन्यांचे जुळणारे ठोकळे सरावाला ठीक आहेत, पण त्यांची पकड कमीजास्त असते, म्हणून मानेला आणि खांबांना ते वापरू नका.

लेगोच्या संकेतस्थळावर जुन्या-नव्या संचांच्या बांधणीपुस्तिका फुकट उतरवता येतात. ‘स्टार वॉर्स’ मालिकेचे संच १९९९ पासून निघतायत. त्यांतली नाताळच्या दिनदर्शिकेची (डिसेंबरात रोज एक खण उघडायचा, अशा खोक्यातली) पुडकी मुद्दाम बघा: मोजक्या तुकड्यांत एकेक यान उभं केलेलं असतं. मूठभर तुकडे काढून ती एकेक बांधून मोडा. कुठला तुकडा कशाच्या जागी वापरलाय, हे वाचून जेवढं कळत नाही तेवढं हाताला कळतं.

स्टँड आणि तपासणी

या यानाला पाय नाहीत, तेव्हा आधार हवा. धडाच्या पुढच्या जोडीचे दोन स्टड खाली बघतायत. त्यांवर जंपर, आणि जंपरवर पोकळ स्टडची १×१ गोल प्लेट. तिच्या पोकळीत पारदर्शक कांडी खुपसा, कांडीचं दुसरं टोक ४×४ प्लेटवर लावलेल्या तशाच पोकळ स्टडमध्ये. यान पुढे कलंडत असेल तर खालची प्लेट पुढच्या बाजूला वाढवा.

शेवटी यान धडाला धरून उलटं करा आणि हलकेच हलवा. जे गळून पडेल तो सांधा पुन्हा बांधायचा. मग बशीला धरून उचला. मान सुटली तर मानेच्या दोन १×२ प्लेटींपैकी वरची काढून तिथे १×३ लावा, म्हणजे बशीच्या नळ्यांत दोनऐवजी तीन स्टड जातील. एवढं टिकलं की चारही बाजूंनी छायाचित्रं काढून ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचं एक. मोडल्यावर पुन्हा बांधताना हेडलाइट ठोकळा नळीत कितवा होता, हे आठवत नाही.